गावात रेंज असलेली कंपनी

माझे वडील, नाना, गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांचे शेअर माझ्या खात्यात आले. साडेअकरा हजार शेअर, सगळे एकाच मोबाइल कंपनीचे. उधन्यातला लूमचा कारखाना बंद झाला तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचे म्हणून जे पैसे मिळाले, ते त्यांनी यात घातले होते. मायच्या म्हातारपणासाठी दुसरं काही नव्हतं.

हीच कंपनी का, ते मला माहीत होतं. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात पूर्वी फक्त तिचीच रेंज मिळायची. शहरातल्या आमच्या लिंबायतच्या खोलीतून नाना रोज संध्याकाळी सातला धाकट्या भावाशी, योगराजकाकांशी बोलत. आवाज स्पष्ट आला की फोन ठेवताना म्हणत, कंपनी भक्कम आहे. तिमाही निकाल मी वाचून दाखवायचे. ते पाहुण्याचं ऐकावं तसं ऐकून घ्यायचे, आणि भाव पडला की आणखी शेअर घ्यायचे. जन्मभर लूमवर धागा तुटला की गाठ मारून पुढे विणलेलं. धागा तुटला म्हणून कोणी कापड फेकतं का, असं मला विचारायचे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, पुष्कळ वाचते. तरी मी पुढचा आकडा वाचायला घ्यायचे.

त्यांच्यामागेही भाव पडतच राहिला.

त्यांचे दलाल भूपेंद्रभाई शनिवारी म्हणाले, "बेन, तुमचे पप्पा माझं ऐकायचे नाहीत. तुम्ही तर शिकलेल्या आहात." सोमवारी विकले तर निम्मे पैसे तरी वाचतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

घरी येऊन मायला विचारलं, विकू का. ती साडीवर खडे चिकटवत बसली होती. हातातला खडा तिने आधी नीट बसवला.

"तुना बापनी कधी इकात नहीत," ती म्हणाली. "तुले जे करनं ते कर. माले सांगू नको."

रविवारी काकांना फोन लावला. तो लागेना, म्हणून चुलतभाऊ गोपालच्या नंबरवर लावला. त्याने काकांना फोन दिला. गावात त्या कंपनीची रेंज अजून चांगली आहे का, एवढंच मी विचारलं. काका म्हणाले की गावाने ती कंपनी सोडून तीन वर्षं झाली.

मग तुम्ही नानांशी रोज कसे बोलायचात, मी विचारलं.

पाण्याच्या टाकीवर चढलं की थोडी रेंज यायची. काका रोज सातला तिथे जाऊन बसायचे. पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन. नानांचा त्या कंपनीवर इतका जीव, तर त्यांना सांगणार कोण.

"भाऊकरता तो एक फोन चालू ठेयेल व्हता," काका म्हणाले. "आते बंद करू का, बेटा?"

"इतक्यात नको, काका."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की शेअर ठेवायला आता एकही कारण उरलेलं नाही. जे एक होतं, ते टिकवायला सत्तरीचा माणूस टाकीवर चढत होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत भूपेंद्रभाईंचा फोन आला. भाव आणखी उतरला होता, त्यांना फक्त माझा होकार हवा होता. तो मला देता आला नाही. थांबू या, मी म्हणाले. किती दिवस, त्यांनी विचारलं. माहीत नाही, मी म्हणाले. जशी तुमची मरजी, म्हणून त्यांनी फोन ठेवला. घंटा झाली आणि मी वर्गात गेले.

संध्याकाळी मायने मला ताट वाढलं आणि ती पाठ करून साडीवर वाकली. रोज शाळेतलं काहीबाही विचारते, आज विचारलं नाही. मी विकून आले, असं तिने धरलं होतं. विकले नाहीत म्हणून सांगावं, तर तिला वाटेल की पैसे शाबूत आहेत.