न घेतलेल्या पंपाचा घसारा

"आदी पंप दाखीव, मग सही करती," रेन्स्के म्हणाली आणि तिनं केकची बशी बाजूला सारली.

वीब्रनच्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं. आमच्या गावात शेतीच्या यंत्रांची सहकारी संस्था आहे. यंत्रं सगळ्यांची, किल्ली मात्र खजिनदार वीब्रनच्या खिशात. दर मार्चला दोन सभासद पाळीपाळीनं त्याच्या घरी जाऊन हिशेब तपासतात. तपासतात म्हणजे काय, तर कॉफी पितात, गुलाबी साखरेचा केक हाणतात, कागदांवरून हात फिरवतात आणि सही ठोकून घरी येतात. यंदा पाळी रेन्स्केची आणि डुर्कची होती. रस्ता पाण्याखाली होता, म्हणून शेजारधर्म पाळून मी तिला ट्रॅक्टरवरून नेलं होतं. त्यामुळं हा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला. बसलो होतो ती काचेची ओसरीही नवीच होती, जाता जाता सांगतो.

"अगं, पावती हाय की म्होरं," वीब्रन म्हणाला.

"पावतीनं पाणी उपसू व्हय? माझ्या कुरणाचं तळं झालंय. आनखी आठ दिस ऱ्हायलं तर गवत मुळासकट कुजंल. मग गायींस्नी काय तुझ्या पावत्या चारू?"

"पंप दुरुस्तीला गेलाय."

"गेल्या सालीबी दुरुस्तीलाच व्हता. त्याच्या आदी दोन वर्सं कोरडी गेली, म्हणून कुणी इचारलं न्हाई. आरं, कुणी बघितलाय तरी का त्यो पंप? डुर्क, तू बघितलास?"

डुर्कच्या तोंडात केक होता. तो गिळून म्हणाला, "बघायचं काय त्यात? दरसाल घसारा धरलाय की. झिजतोय म्हंजे असंलच कुठंतरी."

मला हसू आवरेना. न पाहिलेला पंप दर वर्षी झिजत होता, त्यापायी नफा कमी दिसत होता, कर कमी बसत होता, आणि हा शहाणा त्यालाच पुरावा मानत होता! त्यानं सही केली. रेन्स्केनं केली नाही, पण आमच्याकडं एका सहीवरही हिशेब सभेत जातो. वीब्रननं तिला उरलेला केक बांधून देऊ केला, तर तिनं तो माझ्या ट्रॅक्टरच्या चाकापाशी कोंबड्यांना टाकला.

शनिवारी सकाळी धारा काढून झाल्यावर खानावळीच्या दालनात सभा भरली. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, टिटव्या अंडी घालायला कोरडी जागा शोधत ओरडत फिरत होत्या. निम्म्या सभासदांची कुरणं पाण्यात होती, तरी सगळे बायकापोरांसकट बूट पुसून, केस विंचरून अदबीनं बसले होते. शहरातून हिशेब तपासनीस आले होते. चकचकीत बूट, गुळगुळीत आवाज.

"संचालकांनी दिलेल्या माहितीनुसार सर्व हिशेब बरोबर आहेत," ते म्हणाले.

रेन्स्के उठली. "साहेब, पंप तुमी डोळ्यांनी बघितला का?"

"वस्तू प्रत्यक्ष पाहणं माझ्या कामात येत नाही."

"मग काय येतं?"

"कागदांचा एकमेकांशी मेळ."

"म्हंजे गाय नसली तरी चालंल, निस्ती तिच्या शेपटीची पावती पायजे!"

मागच्या बाकावर खसखस पिकली. तपासनीस रागावले नाहीत. त्यांना राग यायचं कारणच नव्हतं. चूक निघाली तर ती माहिती देणाऱ्याची, माहिती देणारा बोट दाखवणार सही करणाऱ्यांकडे, आणि सही करणारे म्हणणार की साहेबांनी बघितलं होतं. असं हे गोल गोल. मधे बिचारा पंप, तो तर जन्मालाच आला नव्हता.

अध्यक्ष येल्मरला जेवणाची घाई होती. "वीब्रनवर कुणाचा अविश्वास हाय का?" त्यानं विचारलं. बायकापोरांसमोर असं विचारल्यावर कोण हात वर करणार? आमच्याकडं संचालकांना टाळ्या वाजवून जबाबदारीतून मोकळं करतात. टाळ्या वाजल्या. ज्यांच्या कुरणात गुडघाभर पाणी होतं, त्यांनी तर जरा जोरातच वाजवल्या. मी हात खिशात ठेवले. रेन्स्केचा चेहरा पडला, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या गावाची किळस आली.

ती दारापर्यंत गेली. तिथं भिंतीवर संस्थेचा फळा टांगलेला असतो. ज्याला यंत्र हवं त्यानं त्यावर नाव आणि वार लिहायचा, आणि त्या दिवशी दूधगाडी यायच्या आत खजिनदारानं ते त्याच्या अंगणात पोचवायचं, हा आमचा जुना नियम. तिनं खडू उचलला.

"पंप हाय असं समद्या सभेनं टाळ्या वाजवून ठरवलंय. मग माझं नाव लिवून घ्या. पंप, सोमवारी, माझ्या अंगणात."

वीब्रन म्हणाला, "अगं, दुरुस्तीला..."

"दुरुस्ती आवरती घे. न्हाई आला, तर ह्या टाळ्या कशाच्या व्हत्या ते समद्यांस्नी इचारीन. साहेबांस्नीबी इचारीन."

तपासनिसांनी घाईनं कागद आवरले. मग माझ्या मागून कुणीतरी ओरडलं, "मंगळवारी माझं!" दुसरा म्हणाला, "बुधवारी माझं लिव!" मघाचे टाळ्यावालेच ते. पंप खरा आहे की खोटा याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण रेन्स्केला मिळतोय म्हटल्यावर आपल्यालाही मिळावा, असं मात्र वाटायला लागलं होतं. बघता बघता फळा भरला.

वीब्रन सभेतून उठला तो थेट तालुक्याच्या यंत्रवाल्याकडं. जेवायलाही थांबला नाही.

सोमवारी दूधगाडीच्या आधी त्याचा ट्रॅक्टर रेन्स्केच्या अंगणात शिरला. मागं पंप होता. रंग असा कोरा की हात लावला तर डाग पडेल, आणि नळीच्या तोंडाचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"दुरुस्त करून आणला," वीब्रन चिखलाकडं बघत म्हणाला.

रेन्स्केनं प्लास्टिक फाडलं, नळी पाण्यात सोडली आणि ट्रॅक्टर चालू केला. पाणी भसाभसा चरात पडायला लागलं. तिनं प्लास्टिकचा बोळा वीब्रनच्या हातात ठेवला.

"वीब्रन," ती म्हणाली, "ह्याचा घसारा आता बिनदिक्कत धर."