चष्मा टपालाने पाठवू का?

चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंची चिठ्ठी येऊन महिना उलटला, तरी निवृत्त ग्रंथपालांनी तिला उत्तर दिलं नव्हतं. चिठ्ठी दोन ओळींची. ‘तुमचा वाचायचा चष्मा माझ्या उशाशी राहिलाय. न्यायला येताय, की टपालाने पाठवू?’

प्रश्न नुसत्या चष्म्याचा नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. टपालाने पाठवा म्हणावं तर बाई कायमच्या दुरावणार, आणि न्यायला येतो म्हणावं तर कोणत्या तोंडाने? कारण आपल्याला एड्स झाला आहे, याबद्दल ग्रंथपालांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

बायको गेल्यापासून या गृहस्थाने पुस्तकांखेरीज कोणाच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र दुकानाच्या वरच्या खोलीत गप्पांतून गोष्ट पुढे गेली. बाई विधवा, गुडघ्याने अधू, पण जिभेने तरतरीत. कंडोमच्या पाकिटावरची सूचना बाईंनीच मोठ्याने वाचून दाखवली, कारण चष्मा तोवर उशाशी गेला होता. एवढं वाचन करूनही ऐनवेळी तो फाटलाच. बाई पोट धरून हसल्या. ग्रंथपाल मात्र चष्मा तिथेच विसरून घाईने जिना उतरले.

घरी येऊन त्यांनी वैद्यकीय ज्ञानकोश काढला. चष्मा नसल्याने भिंगातून वाचावं लागलं, त्यामुळे रोग आणखीच मोठा दिसू लागला. घसा दुखतो, असं लिहिलं होतं. सारख्या गुळण्या करून घसा दुखू लागला. वजन घटतं; काळजीने घास उतरेना, वजन घटलं. पुरळ येतं, जंतुनाशक साबणाने अंग घासघासून तेही आलं. शेवटी ‘उपचार : नाहीत’ असं वाचून त्यांनी भिंग खाली ठेवलं.

घरात थोरली बहीण होती. तिच्या नजरेतून काय सुटणार?

“ताट वेगळं, पेला वेगळा, आता टॉवेलही वेगळा! उद्या चूल वेगळी मांडशील. वाटण्या करतोयस का रे?”

“सर्दी झालीय, ताई.”

“महिनाभर? आणि शिंक एक नाही! दवाखान्यात जा, नाहीतर डॉक्टरांना इथे बोलावते. शेजारी ऐकतील तर ऐकू देत.”

शेजाऱ्यांचं नाव निघताच ग्रंथपाल उठले. ज्ञानकोश आणि भिंग पिशवीत टाकून थेट तपासणी केंद्र गाठलं.

समोर बसलेली समुपदेशक त्यांच्या भाचीच्या वयाची. त्यांनी सगळं सांगितलं, पण भिंतीवरच्या घड्याळाला.

“काका, घड्याळाला नाही, मला सांगा. तीन दिवसांच्या आत आला असतात, तर प्रतिबंधक औषध द्यायचं का ते डॉक्टरांनी ठरवलं असतं. ती वेळ गेली. त्या बाईंच्या तब्येतीबद्दल काही माहीत आहे?”

“गुडघे दुखतात.”

तिने ओठ चावून हसू आवरलं. “गुडघेदुखीची लागण होत नाही. धोका तसा कमी दिसतो, पण अगदीच नाही असं तपासल्याशिवाय नाही म्हणता येणार. आणि ताट-पेला कशाला वेगळा? त्याने हे पसरत नाही. लागण झालीच, तरी आता औषधं आहेत. माणसं म्हातारी होतात.”

“मी झालोच आहे. पण यात तर लिहिलंय...” ग्रंथपालांनी ज्ञानकोश टेबलावर आदळला.

तिने पहिलं पान उघडलं. त्यावर सहीसकट ठसठशीत शिक्का होता : ‘कालबाह्य. वाचकांस देऊ नये.’

“ही सही कोणाची?”

“माझीच,” ग्रंथपाल पुटपुटले. “रद्दीत टाकवेना, म्हणून घरी नेला.”

रक्त दिलं. तासाभराने तिने आत बोलावलं. “निगेटिव्ह. तीन महिने भरले की पुन्हा एकदा करू, म्हणजे पाल चुकचुकायला नको. बाईंना विचारलंत?”

“काय?”

“त्यांना भीती वाटते का. फाटला तो दोघांचाच ना?”

हे ज्ञानकोशात नव्हतं. बाई हसल्या होत्या, तेवढंच त्यांना आठवत होतं. आपण न बोलताच गेल्यावर त्या हसतच राहिल्या असतील, असं कशावरून?

परतताना ते पोस्टात थांबले. पुन्हा तपासणी होईपर्यंत लिहू नये, असं एकदा मनात आलं. पण वाट पाहणं या एका विषयात आपण पुरेसं प्रावीण्य मिळवलं आहे, असंही वाटलं. तिथल्या फळीवर कागद ठेवून, भिंगातून बघत, दोन फाडून त्यांनी तिसऱ्यावर लिहिलं :

‘चष्मा टपालाने पाठवू नका. मी घाबरलो होतो, म्हणून गप्प बसलो. तुम्हाला विचारायचं राहिलं, त्याची लाज वाटते. आज तपासणी केली, निगेटिव्ह आली. तीन महिने भरल्यावर आणखी एक आहे. तुम्हालाही करून घ्यायची असेल, तर बरोबर जाऊ. तिथे जिना नाही.’

पत्र पेटीच्या तोंडात गेलं, पण बोटं सुटेनात. मागे रांग लागली.

“आजोबा, टाकताय की काढताय?” कोणीतरी विचारलं.

“टाकतोय,” ग्रंथपाल म्हणाले, आणि टाकलं.