करंगळीचे सूर

गिटारविषयी बोलताना माझ्यासमोर कुणी 'फील' हा शब्द काढला की मी आजकाल उठून बाहेर जाते. आधी भांडायचे. मग लक्षात आलं की भांडून माझाच घसा बसतो आणि समोरचा डोळे मिटून नुसता हसतो, जणू माझ्यासारख्यांना कधी दिसणार नाही असं काहीतरी त्याला आत दिसलंय. त्या हसण्यावर कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते. म्हणून बाहेर जाते.

आमचा बँड चौघांचा. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गातो आणि सोलो वाजवतो. वहिनी बेस वाजवते. ड्रमवर दादाचा शाळेपासूनचा मित्र, ज्याला सगळे गडगड्या म्हणतात. दुसऱ्या गिटारवर मी. सराव टायरच्या दुकानामागच्या खोलीत. रबराचा वास अ‍ॅम्पच्या कापडात इतका मुरलाय की कुठल्याही हॉलमध्ये तो स्पीकर तापला की आपण परत टायरांमध्येच उभे आहोत असं वाटतं. दादा दिवसा काच कापायच्या कारखान्यात असतो. मी लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत गिटार शिकवते. तिथे शेल्फवर माझा मेट्रोनोम आहे, जुना लाकडी. त्याच्या ठोक्यावर मी दुसऱ्यांची बोटं सरळ करत बसते. बँडमध्ये माझं नाव मशीन. लाडात आले की मशीनबाई. नाव दादानेच ठेवलं.

पहिली कॉर्डही मला दादानेच शिकवली होती, हे कबूल. बोटं सोलून निघाली तेव्हा फुंकरही त्यानेच घातली. पण त्यानंतर मी बसून शिकत राहिले आणि तो उभा राहून वाजवत राहिला. सराव त्याने असा कधी केलाच नाही. "सराव केला की गाणं शिळं होतं," असं म्हणायचा आणि गडगड्या मान डोलवायचा. गडगड्याला स्वतःला सराव केल्याशिवाय साधा ठेका धरता येत नाही, तो भाग वेगळा.

आता रागाच्या भरात खोटं बोलणार नाही. दादाकडे एक सूर होता. आमच्या शेवटच्या गाण्याच्या सोलोत, अगदी टोकाला, तो वरची तार बोटाने ढकलत ढकलत पूर्ण एक सूर वर न्यायचा आणि तिथे धरून हलवायचा. त्या वेळी हॉलमधलं बोलणं थांबायचं. तो सूर मी घरी कितीदा वाजवून पाहिला. उंची तीच, जागा तीच, आवाजही तोच, आणि तरी तो नव्हे. मला ते झोंबायचं. खूप झोंबायचं. रात्री झोप लागू नये इतकं. त्याच्यापेक्षा दहापट घासून मी जिथे पोचत नव्हते, तिथे तो चालता चालता पोचत होता.

या वर्षाच्या सुरुवातीला तो सूर खाली पडायला लागला.

थोडासाच. तार वर जायची, पण पूर्ण जायची नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय पोचू नये तशी आधीच थांबायची आणि तिथेच थरथरायची. पहिल्यांदा मला वाटलं तार जुनी झाली असेल. दुसऱ्यांदा वाटलं लक्ष नव्हतं. मग मात्र दर वेळी तेच व्हायला लागलं आणि मी सरावाच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं.

"दादा, शेवटचा सूर खाली पडतोय."

"तू ट्यूनर गिळलायस का गं?" तो म्हणाला.

"चेष्टा नको. पोचत नाहीयेस तू."

"अगं तेच तर!" गडगड्या स्टूलवरून उठलाच. "पोचत नाही म्हणून तर काळीज हलतं. मागच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतली बाई रडत होती, पाहिलंस ना?"

मी पाहिलं होतं. ती बाई नंतर येऊन दादाचा हात हातात घेऊन उभी राहिली होती. "तुम्ही वाजवत नाही, तुम्ही सोसता," असं म्हणाली होती. दादाने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्याचा चेहरा सुरू झाला. आधीही डोळे मिटायचा, पण आता मान मागे, ओठ दाताखाली, कपाळावर शीर. सूर जितका खाली तितका चेहरा वर. आणि लोक! लोक कानाने ऐकतच नव्हते. ते चेहरा बघत होते आणि हुंदके देत होते. बाहेर पडताना जो तो म्हणायचा, अलीकडे काय वाजवतो हा, किती खोल गेलाय. दादा भाव खात होता, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

नुसता तो एक सूरच नाही. मधल्या जलद ओळी त्याने सोडून दिल्या. त्याऐवजी एकेक लांब सूर, मध्ये रिकाम्या जागा. "कमी वाजवायला धाडस लागतं," गडगड्या म्हणाला. वहिनीही त्या रिकाम्या जागांमध्ये डोळे मिटून बेस वाजवायला लागली. एकटी मी तेवढी उघड्या डोळ्यांनी उभी.

एकदा कार्यक्रमानंतर केबल गुंडाळता गुंडाळता मी पुन्हा बोलले. या वेळी आवाज चढला. म्हटलं, तू आळशी झालायस, लोकांनी डोक्यावर घेतलंय म्हणून वाट्टेल ते वाजवतोस, आणि हे मूर्ख टाळ्या वाजवतात.

दादाने गिटार शांतपणे पेटीत ठेवली. "मशीन, तुझ्या वाजवण्यात सगळं असतं," तो म्हणाला. "फक्त तू नसतेस."

गडगड्या हसला. वहिनीने खाली बघितलं. मी केबल तिथेच टाकली आणि निघून आले. घरी येऊन रडले, आणि रडताना स्वतःचाच राग आला, कारण मनात कुठेतरी वाटत होतं की हा खरं बोलला असेल.

त्यानंतर मी सरावाला जाईनाशी झाले. तेवढ्यात शेवटच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग हॉलच्या साउंडवाल्याने पाठवून दिलं. प्रत्येक वाद्य वेगळं काढलेलं. खोलीत शिकणारं कुणी नव्हतं, खाली लाँड्रीची यंत्रं घुमत होती. मी हेडफोन लावले आणि फक्त दादाची गिटार ऐकली. खरं सांगते, वाईट हेतूने ऐकली. त्याच्या चुका वेचून त्याच्या तोंडावर फेकायच्या होत्या मला.

हेडफोनमध्ये चेहरा नसतो. तिथे नुसते सूर होते, आणि ते इतके पांगळे होते की माझा राग क्षणभर गोंधळला. मी गिटार मांडीवर घेतली आणि तो जिथे जे वाजवत होता ते तो जी बोटं वापरतो त्याच बोटांनी वाजवायला लागले. कुठे पहिलं बोट, कुठे मधलं, कुठे अनामिका. ते करताना लक्षात आलं. करंगळीचा एकही सूर नव्हता. जिथे जिथे करंगळी पडायची, तिथे तिथे ती रिकामी जागा होती, जिला गडगड्या धाडस म्हणत होता. आणि शेवटचा सूर, जो अनामिकेने ढकलायचा असतो, तो खाली पडत होता. बाकी दोन बोटं ठणठणीत. आळशी माणूस सगळंच ढिसाळ वाजवतो. निष्काळजीपणा ठरावीक बोटंच निवडत नाही.

मी हेडफोन तसेच टाकले आणि थेट कारखान्यात गेले. दादा मोठ्या टेबलावर वाकला होता. डाव्या कोपरावर सगळा भार, उजव्या हातात काच कापायची कटर. तो वर्षानुवर्षं असाच उभा राहतो, मी शेकडो वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ते कोपर दिसलं.

"डावा हात दाखव," मी म्हटलं.

"इथे कशाला आलीस? भांडायचंय तर घरी..."

"हात दाखव. बोटं फाक."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तीन बोटं फाकली. करंगळी थोडी हलली आणि आत वळून बसली. मी माझ्या बोटाने तिला बाहेर ढकललं, ती परत आली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला फुगीर मांसल भाग आत बसला होता. माझ्या भावाच्या हाताला खळगा पडला होता आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून कॉर्ड वाजवत होते.

"कधीपासून?"

"मुंग्या येतात बरेच दिवस," तो हळू आवाजात म्हणाला. "मग बोट जड झालं. म्हटलं जाईल."

"बोलला का नाहीस?"

त्याने कटर टेबलावर ठेवली. काचेची पूड झटकली. "लोक रडत होते गं," तो म्हणाला. "इतकं कधीच नव्हते रडले. मला वाटलं, हेच बरं असेल."

 मी त्याला हात धरून ओढतच बाहेर काढला आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी त्याच्या चिमटीत एक कागद दिला आणि घट्ट धर म्हणाल्या. ओढला, तर तो अलगद सुटून आला. कोपराच्या आतून जाणारी नस दबलीय, त्या म्हणाल्या, आणि बरीच आधीपासून दबलीय. ऑपरेशन करून मोकळी करता येईल. पण जे स्नायू सुकले ते किती परत येतील सांगता येत नाही. "हे साधारण कधी सुरू झालं?"

दादाला सांगता येईना. मी सांगितलं. कुठल्या कार्यक्रमात सूर पहिल्यांदा किंचित खाली आला, कधी जास्त, जलद ओळी कधी सुटल्या, सगळं क्रमाने. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

"एवढं स्पष्ट दिसत होतं, तर तेव्हाच का नाही आणलंत?"

 माझ्या फोनवरून धावत आलेली वहिनी रडायला लागली. "आम्हाला ते छान वाटत होतं," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. दादा हात उशीवर ठेवून घरी बसला होता तेव्हा गडगड्या भेटायला आला. गंभीर चेहरा करून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू काळजी करू नकोस. यातून उठून जे वाजवशील ना, त्यात असला दर्द येईल की..."

त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. त्याचं जॅकेट खुर्चीवरून उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं. "दर्द आलाय!" मी ओरडले. "कोपरात आलाय, टाके घातलेत तिथे! अर्धं वर्ष एका माणसाचा हात मरत होता आणि तू त्याच्या मागे बसून वा वा करत होतास. मी सांगत होते तर मशीन म्हणून हसत होतास. हेच का तुमचं मनाने ऐकणं? मनाने ऐकणाऱ्या एकालाही कळलं नाही की याचं काही दुखतंय?"

"मला काय माहीत..." तो पुटपुटला.

"कान होते ना तुला!"

तो गेला. वहिनी दाराशी उभी होती. तिने मला थांबवलं नाही, हे मी विसरणार नाही. दादा खिडकीबाहेर बघत होता. तसाच म्हणाला, "ते तुझ्याबद्दल बोललो होतो. तू नसतेस म्हणून. ते चूक होतं."

"माहितेय," मी म्हटलं. अजूनही रागातच होते.

आता तो रोज संध्याकाळी लाँड्रीच्या वरच्या खोलीत येतो. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, बाकीचे मी देते. मेट्रोनोम सगळ्यात सावकाश ठेवते. एका ठोक्याला करंगळी उचलायची, पुढच्याला तारेवर ठेवायची. सुरुवातीला ती फ्रेटच्या पट्टीवर नुसती लोळायची आणि तारेतून खटखट आवाज यायचा. दादाची सवय सुटेना, मान मागे टाकून डोळे मिटायचा.

"चेहरा नको," मी म्हणायचे. "करंगळी."

"छळवादी आहेस."

"आहे. पुन्हा."

परवा तिने तार पहिल्यांदा नीट दाबली. एक साधा, स्वच्छ, काही न सांगणारा सूर आला. तो ऐकून कुणी रडलं नसतं. दादाने डोळे उघडे ठेवून तो पुन्हा वाजवला, ठोक्यावर, आणि मग परत. मी शेल्फवरची धूळ पुसायला उठले, कारण समोर बसवेना.

पण तार ढकलण्याइतकं बळ अनामिकेत आलेलं नाही. येईलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत. काल जाताना त्याने स्वतःची गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"शेवटचा सोलो तू घे."

"मी नाही घेत. तो तुझा आहे."

"वाजव म्हणतो ना."

मी वाजवला. पूर्ण, करंगळीच्या सगळ्या ओळींसकट. शेवटच्या सुराशी आले तेव्हा त्या बाईचा रडका चेहरा आठवला, तो कागद आठवला, गडगड्या आठवला. तार ढकलली, धरली, हलवली. आवाज विरेपर्यंत खोलीत दुसरं काही नव्हतं. हा तोच सूर होता असं मला वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दादा भिंतीला टेकून उभा होता. डोळे उघडे.

"खाली पडला," तो म्हणाला.

"काय?"

"थोडासाच. पण खाली पडला. पोचली नाहीस." त्याने वाकून माझं मनगट धरलं, बोटं एकेक करून दाबून पाहिली, करंगळी आत वळवून सोडली. ती सरळ बाहेर आली, तेव्हा कुठे त्याने हात सोडला. "दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग ढकल ना पूर्ण. पुन्हा."

मी तार पुन्हा ढकलली.