उंदराचा शोध

१९९३ साली रशीदा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. तिचे गाईड सर्जेराव सर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या शेतकरी घरातले, मोठ्या कष्टाने वर आलेले. बोलायचे कमी, पण बोलले की लागायचं.

विषय होता पेशींतलं कॅल्शियम. बाहेरच्या पाण्यात ते भरपूर असतं, पेशीच्या आत मात्र जवळजवळ नसतं. आत साठलं तर पेशी मरते, म्हणून ती ते सतत बाहेर फेकत राहते. पुढे कधीतरी पेशींनी याच धोक्याचा निरोपासाठी उपयोग करून घेतला. क्षणभर दार उघडायचं, थोडं कॅल्शियम आत घ्यायचं, आणि तेवढ्यावरून काय करायचं ते ओळखायचं. आपलं हृदय आणि मेंदू त्यावरच चालतात. मेंदूतल्यासारखी दारं एखाद्या साध्या, एकपेशीय जिवातही सापडतील का, हे रशीदा शोधत होती.

पहिल्याच वर्षी बाहेरगावचे एक नामवंत शास्त्रज्ञ भेटीला आले. निरोपासाठी पेशीने कॅल्शियमच निवडलं, कारण ते सगळीकडे मुबलक होतं, असं सर त्यांना सांगत होते. रशीदा हळूच म्हणाली की मुबलक होतं म्हणून नव्हे, आत विषारी होतं म्हणून. पाहुणे खूश झाले. तुमची विद्यार्थिनी बरोबर सांगते आहे, असं ते सरांना म्हणाले. सरही हसले.

त्या दिवसापासून सर तिच्याशी फार गोड वागू लागले.

वर्षभराने तिला तिच्या जिवात तसं जनुक सापडलं. त्याची अक्षरं इतर प्राण्यांच्या जनुकांशी ताडून पाहायला हवी होती आणि तशी सोय प्रयोगशाळेत नव्हती. सरांनी ती बंगळुरूच्या मित्राकडे पाठवली. काही आठवड्यांनी ते तिला म्हणाले, "कशाशीच जुळत नाही. नवीन आहे. सेमिनार ठेवू या, घरच्यांनाही बोलवा."

अब्बा म्हणजे शमशुद्दीन, रविवार पेठेत पत्र्याच्या पेट्या बनवायचे. इस्त्रीची शेरवानी घालून ते शेवटच्या रांगेत बसले. सगळं इंग्रजीतून चाललं होतं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण मुलीवरची नजर त्यांनी हलवली नाही.

रशीदाचं बोलणं संपल्यावर सर उठले. हे जनुक शेजारच्या टेबलावरच्या उंदराच्या मेंदूचं आहे, ते नळीत मिसळलं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तपासून घे असं आपण किती वेळा म्हणालो, पण तिला घाई होती, असंही सांगितलं. मग तिच्याकडे वळून इंग्रजीतच म्हणाले, "अभिनंदन. आपण उंदराचा शोध लावलात."

सभागृह हसलं. सगळे हसतायत म्हणून अब्बाही हसले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोक गेल्यावर रशीदाने सरांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"गणपतीपासून. बंगळुरूचं उत्तर आलं तेव्हाच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"आपण सगळ्यांना शिकवता," सर म्हणाले. "आपल्याला काय शिकवायचं?"

पुन्हा पहिल्यापासून करते, म्हणून ती प्रयोगशाळेत गेली, तर तो एकपेशीय जीव वाढवलेल्या तिच्या सगळ्या बाटल्या उकळून रिकाम्या केलेल्या होत्या. शेजारच्या टेबलावर काम करणारी हेमा त्या धूत होती. उंदीर तिचेच होते. सरांनी करायला सांगितलं, माझा प्रबंध त्यांच्या हातात आहे, एवढंच हेमा मान खाली घालून म्हणाली.

घरी जाताना अब्बांनी विचारलं, सगळे का हसले? सरांनी कौतुक केलं, असं रशीदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी अब्बा तिला न सांगता मिठाईचा बॉक्स घेऊन सरांकडे गेले. संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "साहेब खूश होते."

आत काय झालं ते तिला हेमाकडून कळलं. सरांनी अब्बांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं सोप्या मराठीत, सावकाश समजावून सांगितलं. काल लोक का हसले, तेसुद्धा. मुलीसाठी आता स्थळ बघा, असा सल्ला दिला. अब्बांनी आभार मानले. मिठाई सरांनी स्टाफमध्ये वाटली.

हे ऐकून रशीदा सरळ दुकानावर गेली. अब्बा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमची मुलगी डॉक्टर होणार, संशोधनातली." तिला पाहून ते थांबले नाहीत. गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाहिलं, तशी तिने होकारार्थी मान हलवली.

महिन्याभरात तिने प्रयोगशाळा सोडली आणि एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. हेमाला पदवी मिळाली. सर विभागप्रमुख झाले. अब्बा अखेरपर्यंत गल्लीत तिची ओळख डॉक्टर अशीच करून देत राहिले. मग शेजारणी तिला पोरांच्या तापावर गोळी विचारायला येऊ लागल्या, आणि अब्बा समोर बसलेले असायचे, म्हणून ती सांगायची.