चुकलेला जुज

बद्रीनाथ बायंडरच्या हाताखालून हजारो कादंबऱ्या गेल्या, पण सबंध अशी एकही त्यानं वाचली नव्हती. यात त्याला काडीचाही कमीपणा वाटायचा नाही. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्याचं दुकान. आत खळीचा वास, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि भिंतीला टेकवलेल्या उसवलेल्या पुस्तकांच्या थप्प्या. सोळा पानांची एक घडी, तिला म्हणायचं जुज. असे पंधरा-वीस जुज ओळीनं लावायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. शहागंजातल्या ज्या उस्तादांकडं तो हे शिकला, त्यांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, "जुज गलत लगा ना मियाँ, तो उंगलियाँ तोड दूँगा." त्याला एकवीस वर्षं झाली. बद्रीनाथची दहाही बोटं शाबूत होती आणि तो हे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

जुज लावले की उस्तादांच्या दोन तपासण्या. आधी प्रत्येक जुजाच्या पहिल्या पानाचा आकडा बघायचा. मग एका जुजाची शेवटची ओळ पुढच्या जुजाच्या पहिल्या ओळीला जोडून वाचायची. वाक्य जुळलं, म्हणजे सांधा जुळला. त्यामुळं बद्रीनाथला शेकडो कादंबऱ्यांचे नुसते सांधे ठाऊक. कुणी दार उघडतंय, कुणी रडायला लागलंय, कुणी गाडीत बसतंय. का, ते त्याला विचारू नका!

त्याची लेक सायली नववीत. घरी हिच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून चालू, आईला बोलू द्यायची नाही. शाळेत मात्र तोंडात मिठाची गुळणी. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी सायलीबाईंनी मोबाईलवरून एका कादंबरीचा गोषवारा पाठ केला आणि वर्गापुढं म्हणायला उभ्या राहिल्या. मराठीच्या प्रमोदिनी मॅडमनी मधलाच एक प्रश्न विचारला. झालं! पोरगी तीन मिनिटं नुसती उभी. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून तिनं शाळेत कधी हात वर केला नाही.

यंदा तर ऐकायला पालकांनाही बोलावलं होतं. वर्गातल्या प्रत्येकानं आवडीची एक कादंबरी वाचायची आणि सगळ्यांसमोर तिच्यावर बोलायचं.

"मी त्या दिवशी आजारी पडणारे," सायलीनं आधीच जाहीर करून टाकलं. "आणि आवडीची कुठून आणू? मला कुठलीच आवडत नाय."

बद्रीनाथला मार्कांचं काही पडलं नव्हतं. त्याच वर्गासमोर पोरीनं एकदा उभं राहावं आणि घरी बोलते तसं बोलावं, एवढीच त्याची इच्छा. पण तो स्वतः न वाचणारा, पुस्तक कोणतं सुचवणार? दोन दिवस विचार करून त्यानं तिला शाळा सुटल्यावर दुकानात बोलावलं. एका वाचनालयाचे आप्पासाहेब जुन्या कादंबऱ्या बांधायला टाकून गेले होते. त्यातल्या पाच त्यानं टेबलावर मांडल्या.

"वाचायचं नाय. नुसतं ऐक," तो म्हणाला आणि पहिल्या थप्पीतला एक जुज उचलून त्याची शेवटची ओळ वाचली. सायलीनं जांभई दिली. दुसऱ्या पुस्तकाला तिनं मोबाईल काढला. तिसऱ्याला म्हणाली, "पप्पा, हे लई बोअर हाय." चौथं पुस्तक त्यानं स्वतःच बाजूला ठेवलं. पाचव्याला पुठ्ठा नव्हता, पहिली चार पानं नव्हती, नावाचा पत्ता नव्हता. त्यानं वाचलं, "थोरलीनं धाकटीला भर बाजारात म्हशीच्या पाठीवरून खाली ओढलं आणि म्हणाली,"

तो थांबला.

"काय म्हणाली?" सायलीनं विचारलं.

"मला काय ठाऊक? माझा सांधा इथं संपला."

"अहो पप्पा, पुढचं वाचा ना!"

"माझं काम शिवायचं. पुढचं तू वाच."

सायलीनं मोबाईलवर कथा शोधायला नाव बघितलं, तर नावच नाही. बद्रीनाथ मनातल्या मनात असा खूश झाला की विचारू नका. आप्पासाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, वाचू दे की पोरीला, पुस्तकं त्यासाठीच असतात. मग पोरीचं मन फिरायच्या आत पुस्तक तिच्या हातात पडावं म्हणून त्यानं घाईघाईनं जुज लावले. आकडे बघितले. सांधे वाचायला वेळ कुणाला होता? डॉक्टरांनी चाळिशी लावायला सांगून वर्ष झालं होतं, पण चाळिशीनं माणूस म्हातारा दिसतो म्हणून बद्रीनाथसाहेब डोळे बारीक करून भागवत होते. दुसऱ्या संध्याकाळी पुस्तक बांधून तयार.

चार दिवस घरात कधी नव्हे ती शांतता. पाचव्या दिवशी सायली दप्तरासकट तरातरा दुकानात शिरली. डोळे लाल.

"पप्पा, चांदी मेली."

"अरे देवा! कोण चांदी?"

"त्यांची म्हैस! मी सगळी मधली सुट्टी रडले. आणि पान उलटलं तर धाकटी तिचंच दूध काढतीय! मेलेल्या म्हशीचं दूध काढतंय का कुणी?"

"लेखकाची काही गंमत असंल."

"मला बी आधी तसंच वाटलं. कारण बरंच आधी एकदा चांदीला पुरून दोघी घरी येतात, आणि पुढच्या प्रकरणात ती जिवंत. मी म्हटलं, स्वप्न असंल, पुढं उलगडंल. पण आता मी आकडे बघितले." तिनं पुस्तक त्याच्या नाकासमोर धरलं. "एकशे बारानंतर एकशे त्र्याण्णव. आणि एकशे ब्याण्णवनंतर एकशे तेरा. तुम्ही दोन जुज उलटपालट लावलेत."

बद्रीनाथनं पुस्तक उन्हाकडं धरलं. जुनी छपाई. एका जुजाच्या पहिल्या पानावर खळीचा डाग पडून ११३ च्या मधला एक नऊ दिसत होता, दुसऱ्यावर १९३ मधल्या नऊची आकडी पुसून त्याचा एक झाला होता; आतल्या पानांचे आकडे मात्र स्वच्छ होते. सांधा वाचला असता तर जागच्या जागी कळलं असतं. त्याचा चेहरा पडला. एकवीस वर्षं! आणि पकडलं कुणी, तर जिला पुस्तकाचा कंटाळा तिनं.

"सायले, हे कुणाला सांगू नको हां माय," तो हळूच म्हणाला. "बाजारात बोभाटा झाला तर पुस्तक कोण टाकंल माझ्याकडं?"

"नाय सांगत. शप्पथ," सायली म्हणाली आणि तिथंच स्टुलावर बसून पुढचं वाचायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी बद्रीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसला. आदल्याच दिवशी घेतलेली चाळिशी खिशात होती. सायलीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि बोलायला लागली. थोरली, धाकटी, बाजार, म्हैस. आवाज आधी कापरा, मग नीट. 

"छान," प्रमोदिनी मॅडम म्हणाल्या. "कादंबरीचं नाव काय?"

"माहीत नाही मॅडम. पहिली पानं फाटलीत."

मागं कुणीतरी हसलं. मग आणखी दोघंतिघं हसले.

"नाव माहीत नाही? मग तू ती खरंच पूर्ण वाचलीस, हे मी कशावरून समजू?" मॅडमनी काही रागानं विचारलं नव्हतं, पण प्रश्न होता तो होता.

सायलीनं शेवटच्या बाकाकडं बघितलं. बद्रीनाथला लख्ख कळलं, उत्तर पोरीच्या ओठावर आलंय आणि आपल्याच शपथेनं ते तिथं अडवून धरलंय. हशा वाढत होता. गेल्या वर्षीची तीन मिनिटं पुन्हा सुरू झाली होती, आणि या खेपेला ती त्यानं आणली होती.

चुलीत गेला तो बोभाटा! बद्रीनाथ ताडकन उभा राहिला.

"सांग ना सायले! जुजाचं सांग! बिनधास्त सांग!"

सगळ्या माना मागं वळल्या. सायलीनं एक मोठा श्वास घेतला.

"माझे पप्पा बायंडर आहेत," ती म्हणाली. "एकवीस वर्षांत त्यांचा एकही जुज चुकला नाही. या पुस्तकात चुकला. मेलेली म्हैस दूध द्यायला लागली. आकडे बघून त्यांना कळलं नाही, गोष्ट वाचून मला कळलं." मग तिचा पट्टा असा काही सुटला की थांबेचना. जुज म्हणजे काय, सांधा कसा वाचतात, एकाचा नऊ कसा होतो, चांदी मेल्यावर दोघी बहिणी सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर एकमेकींशी पहिलं वाक्य काय बोलल्या, सगळं. वर्ग पुन्हा हसला, पण म्हशीला. मॅडमनी दोन प्रश्न विचारले, तिनं दोन्हींची उत्तरं दिली आणि वर मॅडमनाच विचारलं, "तुम्हाला पाहिजे का वाचायला? पप्पांनी आता नीट बांधलंय."

टाळ्या वाजल्या. बद्रीनाथला पुढचं काही दिसेना, तेव्हा त्यानं उगाच खिशातली चाळिशी काढून डोळ्यांवर चढवली. तरी दिसेना. शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी वडिलांनी त्याच्याकडं वाकून विचारलं, "मुलगी हुशार आहे हो. तुमची?"

"व्हय, माझीच," बद्रीनाथ छाती पुढं काढून म्हणाला. "आणि ती चूक बी माझीच."