मल्हारराव मेक्सिकोला निघाले

बसवनगुडीच्या मल्हाररावांना घर सोडून कुठं जायचं म्हटलं की जिवावर यायचं. म्हैसूरला लग्नाला गेले तरी जेवून त्याच दिवशी परत. परक्या अंथरुणात त्यांचा डोळाच लागत नसे. त्यामुळं बायकोनं, संयोगितानं, नणंदेला हाताशी धरून मेक्सिको फिरायचा बेत केला तेव्हा त्यांना विचारलंसुद्धा नाही. ही नणंद शिवानी जीपपासून ट्रॅक्टरपर्यंत काहीही चालवायची. दोघी तिथं मोटरहोम भाड्यानं घेणार होत्या. म्हणजे चाकांवरचं घर. आत बिछाने, शेगडी, मोरी, सगळं.

हात बसावा म्हणून त्यांनी बंगळूरमध्येच एक दिवस तसली गाडी आणली. खूळ आज उतरणार, या खात्रीनं मल्हाररावही मागं चढून बसले.

गांधी बझारमागच्या गल्लीत वळताना गाडी अडकली. पुढं फुलांची हातगाडी, मागं रिक्षांची रांग. हॉर्नचा गलका उठला. संयोगितानं शांतपणे शेगडी पेटवून कॉफी ठेवली. भांडायला आलेला रिक्षावाला वासानं आत डोकावला आणि ‘अक्का, साखर स्वल्प जास्त’ म्हणून बाकावर टेकला. पाठोपाठ फुलवाली आली, तिच्या मागून आणखी पाच-सहा जण. मल्हाररावांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ते एकेकाला बिछाना ओढून दाखवू लागले, मोरीतला नळ सोडून दाखवू लागले, जणू गाडी स्वतःच बांधली होती. कुठं निघालात, असं फुलवालीनं विचारलं.

संयोगिता तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, “मेक्सिकोला. आम्ही तिघं.”

नणंद-भावजयींनी एकमेकींकडं पाहिलं. कॉफी संपल्यावर लोकांनी हातगाडी उचलून बाजूला ठेवली आणि गाडी सुटली. मल्हाररावांना शब्द फिरवायला सवड मिळू नये म्हणून शिवानीनं संध्याकाळीच तिसरं तिकीट काढलं.

मेक्सिकोत त्यांनी तिखटमीठ लावलेले आंबे खाल्ले, तिथल्या मक्याच्या भाकरीला मेतकूट लावलं, समुद्राकाठी गाडी लावून दुपारी ताणून दिली. सर्वांत मोठ्यानं मल्हारराव घोरले.

मग मेरिडा शहरात चौकातलं एक मोठं वर्तुळ आलं. तिथं सगळी वाहनं आपल्या उलट दिशेनं फिरतात. शिवानीचा फाटा चुकला, तिनं पुन्हा वळसा घेतला, पुन्हा चुकला. फोनमधली बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी बजावत होती. कपाटातली भांडी खणखणत होती. कडेचा फळवाला आता ओळखीचा झाल्यासारखा हात हलवत होता, वाहतूक पोलीससुद्धा हसत होता. मागं मल्हारराव बिछान्याची कड धरून इतके हसत होते, की डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अहो, आला बघा फाटा,” संयोगिताला हसू आवरेना, “सांगा ना तिला.”

“दिसला मला,” ते डोळे पुसत म्हणाले. “शिवा, अजून एक चक्कर मार.”