प्रेमाची वेगळी थाळी

मित्रांनो, मी इनॅमलची एक जुनी थाळी आहे. अंगानं पांढरी आणि काठाला निळी रेघ असलेली. पत्र्याचा गोल तुकडा साच्यात दाबून, वर लेप चढवून मला भट्टीत घातलं, तेव्हा माझा जन्म झाला. पुढं घाटकोपरच्या बाजारात एका भांडीवाल्याच्या दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. तिथून मला विकत घेतलं ते प्रेमा नावाच्या मुलीनं.

प्रेमा तेव्हा विशीतली. कोकणातून नुकतीच आली होती आणि विक्रोळीच्या चाळीत आपल्या दादाकडे, जयवंतकडे राहत होती. पुठ्ठ्याची खोकी चिकटवण्याच्या एका कारखान्यात तिला काम लागलं होतं. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी ती मला घेऊन घरी आली.

"वहिनी, बघ गं! पाहुणे आले की ह्यात मासे वाढायचे."

वहिनीनं, म्हणजे विमलानं, मला दाराशी उजेडात धरलं. "झकास आहे गं! दुकानातली वाटतच नाही, साहेबाच्या घरची वाटते."

ते दिवस माझ्या मानाचे होते. गावाहून कुणी आलं की मलाच खाली काढत. तळलेले बांगडे, वर कांद्याच्या चकत्या. मी मधोमध असायची आणि चारी बाजूंनी हात यायचे.

मग एका रविवारी जेवता जेवता प्रेमाचा घास हातातच राहिला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि ती कोसळली. लहानपणी तिला एक-दोनदा आकडी आली होती, पण तो आजार गेला असंच घरच्यांनी धरलं होतं. विमलाच्या किंकाळीनं अख्खी चाळ गोळा झाली. कुणी प्रेमाच्या नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा घातला. थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली, तेव्हा ओठ फुटला होता आणि चाळीतले सगळे डोळे तिच्यावर होते. तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर पायांवरचं पातळ नीट केलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी दिली. रोज जेवणानंतर एक. पण चाळीतल्या बायकांना वेगळाच प्रश्न पडला होता.

"खाल्लं काय होतं तिनं?"

"वांगं," विमला म्हणाली.

"मग! वांगं वातूळच. तेच बाधलं."

वांगं बंद झालं. पुढची फिट आली त्याआधी तिनं बांगडा खाल्ला होता; बांगडा बंद झाला. मग ताक, मग चवळी, मग केळं. प्रत्येक फिटनंतर प्रेमाच्या पानातून एक पदार्थ नाहीसा व्हायचा, आणि फिट मात्र यायची ती यायचीच. एकदा कारखान्यातच आली. मुकादमानं दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवलं.

त्याच सुमारास विमलाला दिवस गेले. बाई मनानं वाईट नव्हती, पण पहिलटकरीण होती आणि घाबरलेली होती. कुणीतरी तिच्या कानात सांगितलं की हा रोग उष्ट्यातून लागतो. तिनं एके दिवशी मला मांडणीवरून उचललं आणि दाराबाहेर, गॅलरीतल्या फळीवर ठेवलं.

"प्रेमा, आजपासून ही तुझी थाळी. राग मानू नकोस. पोटातल्या जिवासाठी करते गं."

"नाही मानणार, वहिनी," प्रेमा म्हणाली.

आणि मित्रांनो, तिनं खरंच राग मानला नाही. तेच मला सहन होत नसे. आत तिघांच्या गप्पा चालायच्या तिथं आता दोघांच्या चालू लागल्या. बाहेर प्रेमा भिंतीकडे तोंड करून मला मांडीवर घेऊन बसायची. माझ्यावर पेज आणि मीठ. येणारी-जाणारी माणसं पदर सावरून, अंग चोरून पलीकडून जायची. तीही मान वर करत नसे. धुतल्यावर ती मला पदरानं पुसायची आणि उगीच बराच वेळ पुसत राहायची, तेवढाच वेळ कुणाचा तरी हात हातात असावा तशी.

पदार्थ सोडून गुण येईना, तेव्हा तिनं जेवणच सोडायला सुरुवात केली. आधी सोमवार धरले, मग गुरुवार, मग संकष्टी. त्या दिवशी नुसता कोरा चहा. गोळी जेवणानंतरची, जेवण नाही म्हणून गोळीही नाही. उपाशीपोटी औषध घेतलं तर बाधेल, शिवाय उपासही मोडेल, असं तिला वाटायचं. त्या दिवशी मी फळीवर कोरडी पडून असायची. तिला फिट बहुतेक अशाच दिवशी यायची, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. पण घरात पुन्हा तीच चौकशी व्हायची, परवा काय खाल्लं होतं म्हणून.

जयवंतची गिरणी संपात बंद पडली होती आणि तो एका गोदामावर पहारेकरी म्हणून जात होता. घरात बाळ आलं होतं. शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "प्रेमा, तू गावाला जा. तिकडं हवा तरी बरी." तिकडं कोण होतं? आई-वडील कधीच गेले होते, घराला कुलूप होतं. प्रेमानं होकारार्थी मान हलवली.

जायच्या आधीची ती संकष्टी. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. गावाला न्यायची म्हणून मला घासायला ती नळावर घेऊन निघाली आणि जिन्याच्या तोंडाशीच तिला फिट आली. मी तिच्या हातातून सुटून दगडी पायरीवर आपटले, माझ्या काठाचा टवका उडाला. पण माझं सोडा. ती चार पायऱ्या खाली गडगडली होती आणि कपाळातून रक्त येत होतं.

माणसं वर उभी राहून बघत होती. खालच्या खोलीतल्या सोनूबाई तेवढ्या धावल्या. नवरा वारल्यावर शाळेत झाडलोट करून दोन मुलं वाढवलेली ही बाई. तिनं प्रेमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडली, "अगं बघता काय? रिक्षा आणा कुणीतरी! विमला, चल माझ्यासंगं. पोर शेजारी दे."

म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात पेशंटला स्वतःचं ताट न्यावं लागे. म्हणून सोनूबाईंनी मलाही पिशवीत कोंबलं. तिथं खाटेजवळ पडल्या पडल्या मी सगळं ऐकलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या दिसत होत्या. जखमेला टाके घातल्यावर त्यांनी फिटसाठी काय काय करता असं विमलाला विचारलं. विमलानं घडाघडा सांगितलं, वांगं, बांगडा, ताक, चवळी, केळं, सगळं बंद केलंय.

"ते ऐकलं. आज काय खाल्लं हिनं?"

विमलानं प्रेमाकडे पाहिलं.

"आज उपास आहे," प्रेमा पुटपुटली.

"आणि गोळी?"

"उपाशीपोटी कशी घेणार?"

"आठवड्यात उपास किती?"

प्रेमानं सांगितलं. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेवर बसल्या. "हे बघ, एखाद्याला एखादा पदार्थ बाधतही असेल, मी नाही म्हणत नाही. पण तुझ्या बाबतीत मला तसं काही दिसत नाही. गोळी चुकली की फिट येते. उपाशी राहिलं, झोप झाली नाही, तरी येऊ शकते. उपास असो नाहीतर सण असो, गोळी रोज." मग विमलाकडे वळून म्हणाल्या, "आणि फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. हा रोग कुणाच्या उष्ट्यानं लागत नाही, वहिनी. एकेक पदार्थ काढत गेलात, तर रोग जात नाही, माणूस जातं."

वॉर्डात जेवण आलं. डाळ-भात माझ्यावर पडला. प्रेमाच्या हातून शितं सांडत होती. विमला पुढं सरकली. मग तिनं स्वतः भात कालवला आणि घास प्रेमाच्या तोंडाशी धरला. दुसरा घास तिनं स्वतः खाल्ला. त्याच थाळीतला. डोळे मात्र खिडकीबाहेर लावून.

प्रेमा गावाला गेली नाही. घरी आल्यावर तिला आत, सगळ्यांबरोबर स्टीलच्या ताटात जेवायला वाढलं. मग मला कोण विचारणार? टवका उडालेल्या जागी गंज चढत होता. मला गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावर पालथं घातलं. माझ्या पाठीवर ऊन पडतं, कावळे चोच मारून जातात. आतल्या ताटांचा आवाज ऐकू येतो, पण माझ्यावर कोणी जेवत नाही. एकटं वाटतं. पण मी एकटी पडले म्हणून प्रेमा आत गेली, एवढं मला कळतं.

फिट कमी झाल्या, अगदी थांबल्या नाहीत. परवाच्या रविवारी दार उघडं होतं आणि मी इथूनच पाहिलं. प्रेमा ब्लाउजांना हूक लावत बसली होती. जेवून तासही झाला नव्हता, गोळी एकदाही चुकली नव्हती, तरी फिट आली. विमलानं तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी केलेलं लुगडं सरकवलं आणि शेजारी बसून राहिली. किंकाळी नाही, चप्पल नाही. प्रेमा शुद्धीवर आल्यावर जयवंतनं सवयीनं विचारलं, "दुपारी काय खाल्लं होतं हिनं?"

"तुम्ही खाल्लंत तेच," विमला म्हणाली. "मी खाल्लं तेच."

दुपारी वांग्याची भाजी होती. संध्याकाळी उरलेली भाजी गरम करून विमलानं पुन्हा तिघांची पानं मांडली. प्रेमा दाराशी घुटमळली. तिची नजर भाजीवर होती.

"ये ना गं. निवतंय."

मित्रांनो, तुमच्या घरी, शेजारी कुणाला फिट येत असेल, तर त्याची गोळी चुकू देऊ नका आणि त्याला उपाशी राहू देऊ नका. काही बाधतंय असं वाटलं तर डॉक्टरांना विचारा. पण त्याची थाळी कधी वेगळी ठेवू नका. आपल्या पंगतीत जागा करायला फार काही लागत नाही. थोडं सरकून बसावं लागतं, इतकंच.